आवाजाचा परवाना

सरकारी कचेरीत कागद वरच्या साहेबाकडे जातो, पण कागदाबरोबर आलेलं बोलणं टेबलावरच राहतं. कागदाला आवक नंबर पडतो, बोलण्याला कोण नंबर देणार? सहा वर्षं मी शस्त्र परवान्याच्या टेबलावर आहे. कर्जत आणि खालापूर, दोन्हीकडचे अर्ज माझ्याकडे येतात. त्यामुळे माझ्याकडे असलं बोलणं बरंच साठलंय.

आमच्या नातेवाइकांना वाटतं, माझ्यासमोर रोज बिल्डर नाहीतर गुंड येऊन बसतात. बसतो कोण? पोटरीवर चिखल वाळलेला भातशेतकरी! त्याच्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. नळीत दारू ठासायची आणि बार काढायचा, एवढाच तिचा व्याप. परवान्यावर कारण एकच, पीक संरक्षण. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, म्हणून बहुतेक जण हवेतच बार काढतात आणि डुकरं पळवून लावतात.

यातली एक फाईल मात्र मला घरीसुद्धा आठवायची. ती पोशीरच्या बाळारामकाकांची. त्यांच्या बांधाला लागून आता सात मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलंय. तिथल्या प्रधानबाईंनी तक्रार दिली होती. भात तयार व्हायला लागलं की रोज संध्याकाळपासून दर अर्ध्या तासाला बार. नवऱ्याची बायपास झालेली, प्रत्येक बाराला ते दचकून छातीवर हात ठेवतात. तक्रार खोटी नव्हती. आणि काकांच्या परवान्याचं नूतनीकरण नेमकं तेव्हाच आलं होतं. ते नाकारलं तर बंदूक जमा. बंदूक जमा झाली तर वीस गुंठ्यांतलं भात डुकरांचं. काकांकडे दुसरं शेत नाही.

*

कॉम्प्लेक्समधल्या कुणीतरी काकांना सुचवलं, "बंदुकीला सायलेन्सर लावा, म्हणजे भांडणच मिटलं." काका सरळ माझ्याकडे आले.

"बाय, त्याचा फॉर्म दे."

मी म्हटलं, "काका, त्याचा फॉर्मच नाही. साध्या माणसाला सायलेन्सर मिळत नाही. बाळगला तर गुन्हा होतो." पुस्तक काढून नियम वाचून दाखवला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्यानं वाचावा लागला. अख्ख्या कचेरीनं ऐकला.

काकांनी पुस्तकाकडे बघून मान डोलावली. मग म्हणाले, "बरा हाय कायदा. अगं, आमी डुकराला गोळी नाय मारत, आवाज मारतो. आवाजच काढून घेतला तं माज्या हातात नुसता पाइप राह्यला!"

शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब हसले. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांत पीक संरक्षण म्हणजे काय ते मला इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

*

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका वर्षी नेमकं भात पिकायच्या वेळेलाच ते आलं. खालापूरकडचे दत्तू पाटील रागानं लाल होऊन आले.

"मॅडम, आचारसंहिता आमालाच का? डुकरांना नाय का लावत?"

मी म्हटलं, "त्यांचं मतदार यादीत नाव नाही."

"नाव नाय, तरी रोज येतात! उमेदवार तं एकदाच येऊन गेला!"

निकाल लागेपर्यंत दत्तू पाटील दर आठवड्याला ठाण्यात जायचे. हवालदाराला विचारायचे, "बरी हाय ना?" दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी, तसं. एकदा तर खोबरेल तेलाची बाटली घेऊन गेले, नळीला लावायला. हवालदारानं ती ठेवून घेतली आणि खरंच लावलं. तो स्वतः शेतकऱ्याच्या घरातला होता.

*

साजगावच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस वारस म्हणून अर्ज घेऊन आला. वडील वारले होते, त्यांची बंदूक आपल्या नावावर करायची होती. अर्जात रकाना असतो, शस्त्र कशासाठी हवं. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आठवण म्हणून.'

मी अर्ज परत केला. म्हटलं, "दादा, आठवण हे कारण चालत नाही. पीक संरक्षण लिहा, नाहीतर स्वसंरक्षण."

"पीक नाय हो आता. जमीन कंपनीत गेली."

"मग स्वसंरक्षण?"

"मला कोण मारतंय? आठ तास ड्यूटी, घरी येऊन जेवतो, झोपतो."

तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. शेवटी अर्ज तसाच घडी घालून खिशात ठेवला. जाताना म्हणाला, "वडील शेतातल्या माळ्यावर राखणीला बसायचे तवा मी डबा न्यायचो. बंदूक मला कधी हातात दिली नाय त्यांनी. एकदा तरी घ्यावी वाटलं." पुढच्या आठवड्यात बंदूक कायमची जमा केल्याची पावती आली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही.

*

मध्यंतरी दत्तू पाटलांना कुणीतरी सल्ला दिला की बारापेक्षा स्पीकर बरा. त्यांनी मोबाइलवर वाघाची डरकाळी शोधली, ब्लूटूथचा स्पीकर बांधावर ठेवला आणि घरात चहा पीत बसले.

पहिले दोन दिवस एकही डुक्कर फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी डुकरं आली आणि स्पीकरच्या बाजूचंच भात खाऊन गेली. चौथ्या दिवशी वनखात्याची जीप आली!

पलीकडच्या फार्महाउसवाल्यांनी फोन केला होता, शिवारात वाघ शिरलाय म्हणून. गार्डनं शेतात पायाचे ठसे शोधले. डुकरांचे सापडले, दत्तू पाटलांच्या स्लिपरचे सापडले. शेवटी स्पीकर डरकाळी फोडता फोडता मध्येच थांबला आणि एका बाईच्या आवाजात बॅटरी लो असल्याचं म्हणाला.

माझ्याकडे आल्यावर दत्तू पाटील एवढंच म्हणाले, "मॅडम, माझा बंदुकीचा परवाना तेवढा चालू राहू द्या. वाघ आपल्याला जमायचा नाय."

*

नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. बाळारामकाका सरकारी दवाखान्यात गेले, मीही मुद्दाम सोबत गेले, कारण त्या दाखल्यावर पुढचं सगळं होतं. डॉक्टरांनी डोळे तपासले, हात सरळ धरायला लावले. हात जराही थरथरला नाही. मग डॉक्टर काकांच्या पाठीमागे जाऊन म्हणाले, "काका, जेवलात का?"

काका भिंतीकडे बघत बसले.

डॉक्टर जरा मोठ्यानं म्हणाले, "काका, जेवलात का?"

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाय, डॉक्टर परत कवा येनार?"

मी डॉक्टरांना म्हटलं, कान तेवढे सोडून द्या. पण माणूस सरळ होता. त्यानं लिहिलं, 'दृष्टी उत्तम. हात स्थिर. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते.'

काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदाच चिडले. "चाळीस वर्सं त्या बंदुकीनंच माजं कान खाल्लं! आन आता तिच्यापायी कान दाखवा म्हनता?"

आता फाईलमध्ये दोन कागद काकांच्या विरुद्ध होते. आवाज फार होतो म्हणणारा एक, आणि आवाज ऐकूच येत नाही म्हणणारा दुसरा. मला फार वाईट वाटलं, पण कागद मीच लावले.

*

मग साहेबांनी स्थळपाहणी लावली. मंडळ अधिकारी, मी, तक्रारदार आणि अर्जदार. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता, भाताच्या लोंब्या वाकल्या होत्या. शेताच्या मधोमध काकांचा माळा, चार खांबांवर फळ्या टाकलेला, कमरेएवढा उंच. काका वर बसले, बंदूक ठासून मांडीवर. आम्ही सभोवती उभे राहिलो.

प्रधानबाई वही घेऊन आल्या होत्या. तीन हंगाम प्रत्येक बाराची वेळ त्यांनी लिहून ठेवली होती. त्या वाईट बाई नव्हत्या, फक्त झोप न झालेल्या दिसत होत्या.

त्या मंडळ अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "हे पाहा. पहिल्या वर्षी दिवसाला एक बार, फार तर दोन. कधी एकही नाही. तेव्हा मी तक्रार केली का? गेल्या वर्षापासून मात्र सात, साडेसात, आठ, साडेआठ. घड्याळ लावून! डुकरं काय घड्याळ लावून येतात?"

मंडळ अधिकाऱ्यांनी तोच प्रश्न काकांच्या कानाशी तोंड नेऊन विचारला. मी जबाब लिहायला पेन काढलं.

काका म्हणाले, "तवा आमची मंडळी असायची ना. हितं, माज्या मागं बसायची. मला ऐकू येत नाय, तिला यायचं. डुकराची चाहूल लागली का ती माज्या खांद्यावर हात ठेवायची, मंग मी बार काढायचो. उगा कशाला दारू जाळायची? गेल्या वर्षी ती गेली. आता डुकरं कवा येतात, मला कसं कळावं? म्हनून घड्याळ बघून काढतो."

मी लिहीत होते. काकांच्या मागची फळी रिकामी होती, बसून बसून गुळगुळीत झालेली.

तेवढ्यात खालच्या बांधाकडून भात सळसळलं. वारा नव्हता. पुन्हा सळसळलं, आणि घुर्र असा बारीक आवाज आला. मंडळ अधिकाऱ्यांनी तिकडे पाहिलं, मीही पाहिलं. काका समोर बघत शांत बसले होते.

प्रधानबाईंनी वही माझ्या हातात दिली. पदर खोचून त्या माळ्यावर चढल्या, काकांच्या मागे बसल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काकांनी वळून पाहिलं नाही. बंदूक वर गेली आणि बार निघाला.