दीड फूट जास्तीचा उतार

धुक्यानं अर्धी गल्ली झाकलेली, आणि मिस्त्री गुडघ्यावर बसून पदपथाच्या उतारावर थापी फिरवत होता. वर घरं, खाली दुकानं अशी ती गल्ली. असल्या वस्त्यांसाठी नगरपालिकेच्या कचेरीनं नियमांचं पुस्तकच काढलं होतं: दूध, दवाखाना, शाळा, सगळं पायी दहा मिनिटांत, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चाकाच्या खुर्चीसाठी उतार.

त्यानं ते घरी वाचून दाखवलं, तेव्हा बायको तिच्या खुर्चीतूनच म्हणाली होती, "दहा मिनिटं? कुणाच्या पायांनी हो?"

"तुझ्या हातांनी. थांब तर खरी."

मग त्यानं अंगणात फळ्या टाकून बघितल्या. सहा इंच चढाला सहा फुटी फळी, पुस्तकात होती तशी. शेवटच्या वीतभर अंतरात तिचे दंड लटपटले. साडेसात फुटीवर मात्र ती एकटी चढली आणि वरून त्यालाच म्हणाली, "काय मिस्त्री, घाम तुम्हाला का फुटला?"

पण काम हमरस्त्यापासून सुरू झालं. त्यांच्या या गल्लीची पाळी यायच्या दोन महिने आधी बायको गेली.

इंजिनीअर बाई नव्यानं बदलून आलेल्या. आज त्यांनी मिस्त्रीच्या उताराला टेप लावला. "साडेसात? अहो, पदपथ नऊ फुटांचा. औषधाच्या दुकानापुढं तीन फूट सपाट नको? म्हातारी माणसं काय उतारावर तोल सावरत गोळ्या घेणार? तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसानं असं करावं, मिस्त्री?"

मिस्त्रीनं वाकून टेपवरचा आकडा वाचला. हातानं आपलं ठरलेलं माप धरलं होतं, डोक्याला विचारलंच नव्हतं.

"राहू द्या ना बाई. चढायला हलका आहे."

"कुणाला?"

दुकानातून ऐकणाऱ्या औषधवाल्याला त्याच्या बायकोचं सगळं ठाऊक होतं. त्यानं मान खाली घालून उगाच डबे सारखे केले.

"कुणाला नाही," मिस्त्री म्हणाला. "मीच काढतो."

माल ओलाच होता. छिन्नी लागली नाही, हातोडी लागली नाही. फावड्याच्या चार ओढींत सगळं निघालं. इतक्या सुखानं निघालं याचंच त्याला वाईट वाटलं. जरा तरी हट्ट धरायचा होता त्या मालानं.

मग त्यानं सहा फुटी उतारासाठी वाळू-सिमेंट कालवलं, मधे आळं केलं, आणि बेतानं पाणी ओतायला लागला.