दत्तूच्या गाडीचा ताप

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. ओतूरच्या गॅरेजबाहेर एक बाकडं होतं, त्यावर आम्ही रिकामटेकडे बसायचो, चहा यायचा आणि पिंपरी पेंढारचा दत्तू मोटारसायकल घेऊन यायचा. एवढ्या भांडवलावर आमचं नव्वदचं दशक मजेत गेलं, आणि नंतरही किस्से पुरून उरले.

दत्तूची गाडी सेकंडहँड. हवेवर थंड होणारं इंजिन, म्हणजे त्याला ना पाणी, ना मीटरवर तापमानाचा काटा. एकदा आणे घाटात ते तापून पिस्टन जाम झाला आणि दत्तू स्थळ बघायला पोचला तो टेम्पोत, टोमॅटोच्या क्रेटवर बसून. नकार आला. त्याचा त्याने असा धसका घेतला, की थोडं अंतर गेलं की थांबून इंजिन बघायचा. या थांबण्यापायी दुसऱ्या स्थळाकडे पोचेपर्यंत तिथले पोहे संपले होते. तिथूनही नकार.

मग त्याचे वडील, आबा, बाकड्यापर्यंत चालत आले आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तिसरं स्थळ गेलं, तर ही गाडी भंगारात. भंगारवाल्याला चहा मी पाजीन."

दत्तूला लग्न हवं होतं आणि गाडीही हवी होती. बिचारा दोन्हीसाठी झुरायचा.

*

सुरुवातीला तो हातानेच बघायचा. गाडी थांबवून, वाकून इंजिनाला तळहात लावायचा. व्हायचं तेच झालं, तळहातावर हा मोठा फोड. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं भाजलं?"

"गाडीला कणकण वाटत व्हती," दत्तू म्हणाला.

डॉक्टर गमत्या माणूस. पट्टी बांधता बांधता म्हणाले, "पुढच्या वेळी थर्मामीटर लाव बाबा."

ते थट्टेत बोलले. दत्तू तिथूनच मेडिकलमध्ये गेला.

*

तापाचं साधं काचेचं थर्मामीटर त्याने दोऱ्याने इंजिनाला बांधलं. गाव ओलांडायच्या आत ते फुटलं. आम्ही बाकड्यावर पोट धरून हसलो, पण दत्तूचा चेहरा गंभीर.

"एकशेआठपतुर बरोबर दावलं राव," तो म्हणाला. "फुडचं त्याला सोसलं न्हाई."

*

मग गॅरेजच्या मिस्त्रीने सांगितलं, इंजिनावर पाण्याचे दोन थेंब टाक, चुर्र वाजलं की थांब. दत्तू बाटली घेऊन फिरू लागला. नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर तो उकिडवा बसून, अगदी मन लावून, गाडीवर पाणी शिंपडत होता. एक म्हातारी थांबली. तिने पिशवीतून हळदकुंकू काढलं, हेडलाइटला लावलं आणि हात जोडून विचारलं, "कंचा देव म्हनायचा ह्यो?"

"मावशे, हात नगं लावू," दत्तू म्हणाला. "अजून निवला न्हाई."

*

एवढ्यात मिस्त्रीने नवीन पिल्लू सोडलं. "नुसत्या इंजिनाकडं काय बघतो? चेन बी तापती." झालं. दत्तूने चेनकव्हरला मेणबत्तीचा तुकडा चिकटवला आणि इंजिनाला गुळाचा खडा. मेण वितळलं तर चेन बघायची, गूळ वितळला तर थांबायचं. डोकं वाईट नव्हतं. पण आम्ही मंचरच्या बाजारात गाडी लावून भजी खायला गेलो आणि परत आलो तर सीटपासून हँडलपर्यंत मुंगळेच मुंगळे. नारायणगावपर्यंत आम्ही दोघं उभ्याने आलो. मी मागे उभा, दत्तूच्या खांद्यांना धरून. लोक रस्त्याच्या कडेला येऊन बघत होते.

उतरल्यावर दत्तू इंजिनाजवळ वाकला आणि खूष झाला. "बघ, सगळीकडं मुंगळं, पर इंजिनावर एक बी न्हाई. म्हंजी गरम हाय."

ही पद्धत त्याला आजवरची सगळ्यात अचूक वाटली.

*

तिसरं स्थळ घोडेगावच्या पुढचं, डिंभे धरणाच्या बाजूचं. आबा जीपने पुढे गेले. मी दत्तूच्या मागे बसलो आणि त्याला शपथ घातली, वाटेत कुठंही थांबायचं नाही. तो खरंच थांबला नाही. वेळेवर पोचलो, पण रंग उडाला होता त्याचा. गाडी अंगणात उन्हात उभी, आणि तापलेल्या इंजिनातून कट् कट् आवाज येत होता.

घरात बैठक बसली. मुलगी पोहे ठेवून समोर बसली. दत्तूचं लक्ष खिडकीबाहेर. एकदा उठू लागला, तर आबा दातओठ खाऊन म्हणाले, "बस खाली." तो बसला, पण पोह्यांना हात लावेना. मला खरंच वाईट वाटत होतं.

मुलीचे वडील म्हणाले, "पोरीला काय इचारायचं असंल तर इचारा की पावणं."

दत्तूने पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. "गाडी सावलीला लावू का?"

आबांनी डोळे मिटून घेतले. मुलगी उठली, पदर सावरला आणि आत निघून गेली. संपलं, मी म्हटलं. लग्नही गेलं, गाडीही गेली.

थोड्या वेळाने ती आली, पण स्वयंपाकघरातून नाही, अंगणाच्या दारातून, गाडीकडून. हातात ताटली होती. तिने ती दत्तूसमोर ठेवली. ताटलीत नाचणीचा एक पापड होता.

"मदी भाजलाय, कडा कच्च्या ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "आजून अर्धा तास तरी निघू नका."