चौकातल्या स्क्रीनवर मोठीमायचा हात

थांबा, हे मले आत्ताच सांगायचं आहे, नाहीतर घास घशाखाली उतरणार नाही. आत्ता चौकातून घरी आली. तिथल्या मोठ्या डिजिटल स्क्रीनवर एका हरवलेल्या आजोबांचा फोटो होता अन् खाली लिहिलं होतं, 'सापडले, सर्वांचे आभार'. सिग्नलवर सगळे खुश होऊन पाहत होते अन् मी स्कूटीवर बसून रडून राहिली होती. कारण त्याच स्क्रीनवर आमच्या घरचं माणूसही येऊन गेलं आहे. म्हणजे पूर्ण माणूस नाही. ऐका.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाले होती, आई-बाबांसोबत गोंदियाले लागून असलेल्या फुलचूरले. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका लवकर गेले. तेव्हापासून देवरीच्या पुढच्या आमच्या गावी ती अन् आबाजी, म्हणजे माझे आजोबा, दोघंच. त्या दिवशी आबाजीचे डोळे दाखवायले ते दोघं गोंदियाले आले होते.

आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंडावर पदर घेते. मोठीमायचा तर हनुवटीपर्यंत. रस्त्यानं आबाजी पुढं, ती मागं, अन् पदराखालून तिले दिसणार काय, तर आबाजीच्या टाचा अन् धोतराचा काठ. बाजाराच्या गर्दीत मधात दुसरंच एक धोतर शिरलं. ती त्या टाचांच्या मागं चालत राहिली. आबाजीनं दवाखान्याच्या दारात वळून पाहिलं, तर मागं कोणीच नाही.

तिच्याजवळ फोन नव्हता. बोलायची फक्त आमची पोवारी बोली, गोंदियाच्या बाजारात सगळं हिंदी. आमच्या घराचा पत्ताही तिले सांगता आला नसता. बाबा बाहेरगावी होते, आई घरी थांबली, ती स्वतःहून आली तर म्हणून. आबाजीनं दवाखान्यातून फोन लावला तशी मी धावली अन् आम्ही दोघं पोलिसात गेलो. हवालदारानं सगळं लिहून घेतलं अन् म्हणाला, "चौकातल्या स्क्रीनवाल्याले फोटो द्या. मी फोन करतो त्याले. अंधार पडायच्या आत लोकायनं पाहिलं पाहिजे."

स्क्रीन चालवणारा भैय्या चौकातच वरच्या मजल्यावर बसायचा. बिचारा चांगला होता. "दीदी, फोटो भेजो, अभी चढ़ा देता हूँ."

मी मोबाईल उघडला. लग्नात पदर. दिवाळीत पदर. माझ्या वाढदिवसालेही पदर, कारण बाजूच्या खुर्चीवर आबाजी.

"दीदी, इसमें तो साड़ी है, औरत कहाँ है?"

"अंदर है भैय्या."

आधार कार्ड गावाले, घराले कुलूप, अन् चाबी मोठीमायच्याच कमरेले. मले तिचा चेहरा पाठ होता, पण पाठ असलेलं स्क्रीनवर कसं चढवायचं? भैय्या आबाजीकडे वळला. "बाबाजी, कोई निशान बताओ. चेहरे पे तिल वगैरे?"

आबाजी म्हणाले, "मले काय माहीत? मी कधी पाहिला तिचा चेहरा?"

मले हसू येणार होतं. मग एकदम आलंच नाही.

आबाजी खाली पाहून बोलले, "हात माहीत हाये. उजव्या मनगटाच्या वर गोंदण हाये, विंचवाचं. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग हाये. माह्यासाठी दूध उतरवताना भाजलं होतं. रोज ताट ठेवते तवा दिसते मले."

हात! मी पुन्हा मोबाईल खाली-वर केला. दिवाळीत तिनं बड्यांची, म्हणजे उडदाच्या वड्यांची, थाळी पुढं केली होती अन् मी फक्त बड्यांचा फोटो काढला होता. थाळीखाली तिचा हात होता. विंचू, डाग, सगळं. भैय्यानं बडे कापून टाकले.

साडी सेलची जाहिरात गेली अन् चौकात मोठीमायचा हात उभा राहिला, दुकानाएवढा. खाली मी इतकं फटाफट टाइप केलं की दोनदा खोडावं लागलं: 'हिरव्या लुगड्यातल्या बाई हरवल्या आहेत. तोंडावर पदर असेल. हात पहा. दिसल्यास पोलिसांना कळवा.' भैय्यानं तेच हिंदीतही टाकलं.

आम्ही खाली उतरलो. एक बाईकवाला मान वर करून म्हणाला, "टॅटू की दुकान खुली क्या?"

"तुह्या घरची हरवू दे, मग हासजो," आबाजी म्हणाले. तो गाडी घेऊन गेला. आबाजी स्क्रीनकडे पाहतच उभे होते. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

दिवे लागायच्या जरा आधी हवालदाराचा फोन आला. टोपली घेऊन घरी चाललेल्या एका पेरूवालीनं स्क्रीन पाहिली होती. दुपारी तिनं एका मंदिरापुढं त्याच हातात पाण्याचा गिलास दिला होता. तिनंच पोलिसांना तिथं नेलं. ते दुसरं धोतर त्या मंदिरात शिरलं होतं अन् मागच्या दारानं निघून गेलं होतं. मोठीमाय पुढच्या पायरीवर बसून होती.

सासरे चौकात वाट पाहून राहिले, एवढंच ऐकून ती पोलिसांच्या जीपमध्ये बसली अन् चौकात उतरली. आबाजीच्या टाचा पाहिल्या अन् हळूच बोलली, "मामाजी, दर्शनाले लय वेळ लागला तुमाले."

म्हणजे आपण हरवलो, हे तिले माहीतच नव्हतं.

आबाजी एकदा वर स्क्रीनकडे पाहून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "सूनबाई, पदर वर घे."

"मामाजी, लोक हायेत."

"असू दे. उद्या पुन्हा हरवली तर मी लोकायले काय सांगू?"

तिनं पदर कपाळापर्यंत सरकवला. आबाजीनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हातारी झाली का वो तू."

"कवाचीच, मामाजी."

मी तिथंच फोटो काढला. तिचे डोळे मिटलेले आले आहेत, तरी तोच ठेवला.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरी आहे का असं कोणी, ज्याच्या हातचं रोज खाता अन् वेळ आली तर द्यायले ज्याचा एक धड फोटो नाही? झालं का तुमच्यासंग कधी असं?