गिरधर गुरुजींचं घड्याळ आणि चौदा भाकरी

"पयले मोज, मंग बोल."

गिरधर गुरुजींच्या तोंडून हे वाक्य दिवसातून किती वेळा निघायचं ते कुणी मोजलं नाही, म्हणून त्यावर कुणाला बोलताही येत नसे. कुणी म्हणालं, यंदा तापीचं पाणी लवकर उतरलं, की गुरुजी काठावरच्या पायऱ्यांकडे बोट दाखवत. कुणी म्हणालं, शेजारच्या लोटनच्या मळ्यातला केळीचा घड हत्तीएवढा आहे, की गुरुजी खिशातून दोरी काढत. एकदा जसोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरधनिणीने, वरणात मीठ जास्त झालं का म्हणून विचारलं, तर त्यांनी आधी मिठाचा चमचा मागितला. त्या दिवसापासून बाईंनी मिठाबद्दल विचारणं सोडून दिलं.

तापीकाठचं ते गाव शहाद्याहून चार कोसांवर. काळी जमीन, कापूस, केळी, नुकताच आलेला ऊस. गुरुजी तिथलेच, गुजर पाटलांच्या घरातले. भाऊ शेती बघत आणि हे शाळा बघत. शाळेत भिंतीवरचं एक घड्याळ होतं आणि गावाला तेवढंच पुरे होतं. रेडिओ अजून आला नव्हता. लग्नाची अक्षता, विहिरीवरची पाळी, दुधाची वेळ, सगळं त्या घड्याळावर चाले.

आणि ते घड्याळ गुरुजींनी थेट सूर्यावर लावलेलं होतं.

शाळेच्या अंगणात झेंड्याचा खांब, आणि खांबापासून उत्तरेकडे पांढऱ्या दगडांची एक सरळ ओळ. दर सोमवारी दुपारी खांबाची सावली त्या ओळीवर येऊन सगळ्यांत आखूड झाली की गुरुजी आत जात, स्टुलावर चढत आणि काटे बारावर आणून ठेवत. हे काम त्यांनी बारा वर्षांत एकदाही दुसऱ्याला करू दिलं नाही. नंदुरबारहून कुणाचा जावई मनगटी घड्याळ घालून आला, तर गुरुजी त्याला मायेने जवळ बोलावत आणि त्याचं घड्याळ मागे लावून देत. जावई बिचारा सासुरवाडीला आलेला, काय बोलणार.

गावाला एकच दुःख होतं. एसटीची बस फार लवकर येते.

शहाद्याची बस अकराला येणार असं पाटीवर लिहिलेलं. गाव शाळेच्या घड्याळात बघून निघे आणि वडापाशी पोहोचे तेव्हा बसची धूळ तेवढी खाली बसत असे. दिवाळीच्या सुमारास बस पाव तास आधी यायची, माघ महिन्यात तर पाऊण तास आधी. लोटनचं म्हणणं, डायव्हर थंडीत चहा घेत नाही म्हणून गाडी लवकर हाणतो. गुरुजींनी एसटीच्या साहेबांना तीन अर्ज लिहिले, तिन्ही सुवाच्य अक्षरात, तारीखवार तक्त्यासह. उत्तर आलं नाही. जसोदाबाईंचं माहेर शहाद्यापलीकडे. पाटीवरची वेळ धरून त्या किती वेळा बोचकं घेऊन वडापर्यंत गेल्या आणि परत आल्या, हे त्यांनी मनात ठेवलं. फक्त एकदा त्या म्हणाल्या होत्या की घड्याळात काही खोट तर नाही ना. गुरुजींनी काय उत्तर दिलं ते सांगायला नको.

मग चौसष्ट सालच्या हिवाळ्यात खात्याचं पत्रक आलं. राज्यातल्या शाळांनी मिळून गणित आणि शास्त्र सुधारायचं ठरलं होतं. कोकणापासून चांद्यापर्यंत प्रत्येक शाळेने बावीस डिसेंबरला एक मीटरची काठी उभी करायची, दर मिनिटाला सावली मोजायची, सगळ्यांत आखूड सावली किती आणि ती किती वाजता, हे पोस्टकार्डावर लिहून तालुक्याला द्यायचं. सगळ्या कार्डांचं मिळून एक पुस्तक होणार होतं आणि ते पुस्तक पुन्हा प्रत्येक शाळेत येणार होतं. कुठल्या गावाला दुपार कधी होते, हे एका शाळेला कळणार नव्हतं, सगळ्यांना मिळून कळणार होतं.

गुरुजींनी पत्रक तीनदा वाचलं. इतकी वर्षं ते एकटेच मोजत होते, आता अख्खं राज्य त्यांच्या बरोबरीने मोजायला बसणार होतं. त्या आठवड्यात त्यांची चाल बदलली असं जसोदाबाईंना वाटलं. पत्रकात खाली बारीक अक्षरात एक सूचना होती, की घड्याळ आधी रेडिओवर किंवा रेल्वे स्टेशनवर मिळवून घ्यावं. ती वाचून गुरुजी हसले. मन्हं घड्याय सूर्यवर शे, ते म्हणाले, रेडिओवाला कोनवर लावस?

बावीस तारखेला ऊन स्वच्छ होतं. मीटरची काठी ओळंब्याने उभी केली. सातवीच्या वर्गाने सावली मोजली, मग गुरुजींनी मोजली, मग पुन्हा वर्गाने. काठी शंभर सेंटिमीटर. आखूड सावली शंभर सेंटिमीटर. वेळ बरोबर बारा. गुरुजींनी कार्ड लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

जानेवारीत तालुक्याच्या शिक्षकांची बैठक शहाद्याला दुपारी बाराला होती. बस भरवशाची नाही, म्हणून गुरुजी लोटनच्या बैलगाडीतून निघाले. बाजाराचा दिवस होता, जसोदाबाईही बसल्या. शाळेच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेत पोहोचले, तरी बैठक अर्ध्यावर आलेली. गुरुजींनी मनात म्हटलं, शहाद्याच्या लोकांना दम नाही. जसोदाबाई खरेदीची पिशवी घेऊन व्हरांड्यात खिडकीशी टेकल्या.

तालुक्याचे विस्तार अधिकारी इंद्रसिंग गिरासे कार्डं वाचत होते. माणूस सज्जन, पण जिभेला धार. सावली कुणाची नव्व्याण्णव, कुणाची एकशे एक, वेळ कुणाची बारा एकोणतीस, कुणाची बारा एकतीस. मग त्यांच्या हातात गुरुजींचं कार्ड आलं. ते थांबले, चष्मा पुसला.

"गुरुजी, काठी शंभर, सावली शंभर, वाजले बारा. सूर्याला तुमचा इतका धाक आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

खोली हसली. साहेबांनी मग जरा हळू आवाजात विचारलं, की कार्ड घरी बसून लिहिलं का. लिहिलं असेल तर हरकत नाही, फक्त ते बाजूला ठेवावं लागेल, पुस्तकात घालता येणार नाही. सावली जुळते, पण आजूबाजूच्या शाळांची वेळ साडेबारा आणि यांचीच बारा, शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात छापलेली असते तशी.

गुरुजी उभे राहिले. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याच्या शब्दाला माप लावलं, त्याचंच माप खोटं ठरत होतं, तेही साठ शिक्षकांसमोर. मी मोजलं आहे, एवढंच ते म्हणाले. आवाज असा निघाला की खिडकीशी बसलेल्या जसोदाबाईंना तो ओळखू आला नाही. बारा वर्षं त्यांना नवऱ्याचा राग आलेला होता, पण तो राग त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्या कुणी त्यावर हात मारावा हे त्यांना चाललं नाही.

त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि खिडकीतूनच बोलल्या.

"भाऊ, मास्तर खोटं लिखत नई. दिवायीमा सात, माघमा वीस, अन् त्या दिनले चौदा."

साहेबांनी विचारलं, काय चौदा.

"भाकरी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी पुष्कळ तोंडं, वर मजूर, त्यामुळे बस येते त्या वेळेला तवा तापलेलाच असतो. अकराच्या बसचा भोंगा वडापाशी वाजतो, आणि शाळेची अकराची घंटा नंतर होते. मधल्या वेळात किती भाकरी उतरतात ते त्या मोजत आल्या. दिवाळीत सात उतरतात, माघात वीस, सावली मोजली त्या दिवशी चौदा, आणि दर वर्षी तेवढ्याच. डायव्हर बदलले, भाकरी बदलल्या नाहीत. मास्तर म्हणायचे, पयले मोज, मंग बोल. मोजून झालं होतं, बोलायला कुणी विचारलं नव्हतं.

साहेबांनी एका भाकरीला किती वेळ लागतो ते विचारलं. दोन मिनिटांहून थोडा जास्त, बाई म्हणाल्या, पीठ चांगलं असेल तर. साहेबांनी कागदावर चौदाचा हिशेब केला, तीस आला. गुरुजींच्या बारामध्ये तो मिळवला, तर साडेबारा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि या वेळी कुणाकडे न बघता हसले. मग शिक्षकांना समजावून सांगितलं, की देशाचं घड्याळ पार पूर्वेकडच्या एका रेषेवर लावलेलं आहे, आपल्याकडे सूर्य नंतर येतो. गुरुजींनी घड्याळ सूर्यावर लावलं, म्हणून त्यांना दुपारी बाराच वाजणार. हा फरक वर्षभर कमीजास्त होतो, हे पुस्तकात दोन पानं लिहूनही कळत नाही, ते या बाईंनी तव्यावर काढलं.

कार्ड पुस्तकात गेलं. पुढे वेळेच्या रकान्यात साडेबारा आणि खाली टीप: मूळ नोंद सूर्यवेळेप्रमाणे, फरक स्थानिक पद्धतीने मोजलेला. भाकरी हा शब्द खात्याला छापवला नाही.

परतीच्या वाटेवर बैलांची घुंगरं वाजत राहिली. गाव दिसू लागलं तेव्हा गुरुजी म्हणाले, मी चुकलो नव्हतो. नव्हता, जसोदाबाई म्हणाल्या. बसही चुकली नव्हती, गुरुजी आणखी थोड्या वेळाने म्हणाले. लोटनने बैलांकडे तोंड करून हसू दाबलं, कारण तीन अर्जांचे कागद त्यानेच पोस्टात टाकले होते.

घड्याळ गुरुजींनी बदललं नाही. सूर्याशी केलेला व्यवहार असा मोडता येत नाही, असं त्यांचं मत. फक्त घड्याळाखाली खडूने एक आकडा येऊ लागला, किती मिनिटं मिळवायची तो, जसोदाबाईंच्या भाकरींवरून काढलेला, आणि दर सोमवारी तो बदलू लागला. गाव बसमध्ये बसू लागलं. जसोदाबाई त्या वर्षी माहेरी चारदा जाऊन आल्या.

पुढच्या माघात धुळ्याहून बोलावणं आलं. राज्यातले निवडक शिक्षक जमणार होते, आणि सावलीचा पाठ गिरधर गुरुजींनी घ्यावा असं ठरलं होतं. त्या सकाळी तवा तापला होता. शाळेच्या घड्याळात जेमतेम दहा वाजले होते. गुरुजी धोतर सावरत, काखेत मीटरची पट्टी धरून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"आज किती?" त्यांनी विचारलं.

"वीस," जसोदाबाई म्हणाल्या. "पन मी दोनच कऱ्यात. निंघा."

त्यांनी त्या दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या. गुरुजी वडाकडे चालू लागले, सावकाश नाही आणि घाईनेही नाही, जणू पावलंही मोजत होते. लोटन ओट्यावरून बघत होता. जसोदाबाई पिठाच्या हातांनी दारात उभ्या राहिल्या आणि भोंगा वाजेपर्यंत आत गेल्या नाहीत. तव्यावर तिसरी भाकरी करपली, ती त्यांनी मोजली नाही.