मार्चअखेरपर्यंत

सोमवार, ३१ जुलै २००६, सकाळचे साडेदहा. ग्रेडर माझ्या दारात उभे राहिले. पण "पाहून घ्या साहेब, माणूस हजर हाये," हे त्यांचे नेहमीचे वाक्य त्या दिवशी आले नाही. सोबत कोणी नव्हते.

मी यवतमाळात लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देत असे. ग्रेडर बाभुळगावकडच्या कापूस खरेदी केंद्रावर नोकरीला होते. आलेल्या मालाची प्रत ठरवणे हे त्यांचे काम. लग्न केले नव्हते. धाकटी बहीण शेवंता जन्मापासून मूकबधिर, तिचा सांभाळ तेच करीत. अशा अवलंबितासाठी करात वजावट मिळते. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "बहिणीचा पुरावा आणा." मला वैद्यकीय प्रमाणपत्र अभिप्रेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसटीने बहिणीलाच आणले. अंगावर नवे लुगडे, केसांना चोपून तेल.

"पाहून घ्या साहेब, माणूस हजर हाये."

प्रमाणपत्र पुढे रीतसर मिळाले. तरीही दर जुलैत ते तिला आणतच राहिले. कापूस बोटांत ओढून पाहिल्याखेरीज प्रत न लिहिणारा माणूस. नुसत्या कागदावर त्यांचा विश्वास बसत नसावा.

एकदा शेवंताबाईने माझ्या टकलाकडे पाहून हाताने काही खूण केली आणि पदरात तोंड लपवले.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"जाऊ द्या ना साहेब."

"सांगा."

"डोक्याचं वावर वखरून ठेवलं म्हन्ते."

पुढच्या वर्षी मी टोपी घालून बसलो. तिने ती उचलून खात्री करून घेतली.

कापसाची ती वर्षे वाईट होती. भाव पडलेले, केंद्राबाहेर गाड्यांची रांग, आणि प्रत खालची लागली की शिव्या ग्रेडरला. बसस्थानकावर एकाने माझ्यादेखत त्यांना सुनावले, "काहून रे ग्रेडर, माह्याच कापसाच्या वक्ताले डोये फुटते काय तुये?" ते खाली पाहत उभे राहिले. तो गेल्यावर मी विचारले, "राग येत नाही?"

"शेवंतापासून शिकलो साहेब. आयकूच आलं नाई, असं समजतो. त्याचंबी काय चुकलं?"

त्या सोमवारी ते बसण्यापूर्वीच म्हणाले, "नाव कापा तिचं."

"का?" मी विचारले.

"मे महिन्यात गेली. ताप डोक्यात चढला. राशन कार्डातून म्याच नाव कमी करून आणलं. मतदार यादीतबी अर्ज देल्ला. आता तुमचंच राह्यलं."

आवाज स्थिर होता. मी त्यांना बसवले आणि नियम सांगितला. विवरणपत्र मागच्या वर्षाचे असते. ते वर्ष मार्चअखेर संपले. त्या वर्षात शेवंताबाई होत्या.

"नाव कापता येणार नाही."

"खोटं नाई होत?"

"कापले, तर खोटे होईल."

त्यांनी टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "म्हंजे, या कागदात ती हाये?"

"आहे. वर्षभर."

"मंग लिहा. पुरं नाव लिहा साहेब, बापाच्या नावासकट."

एरवी विवरणपत्रासोबतच्या उत्पन्नाच्या गोषवाऱ्यात मी 'अवलंबित बहीण' एवढेच लिहीत असे. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिले. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचले आणि सही केली.

त्यानंतर ते कधी आले नाहीत. केंद्र बंद झाले, त्यांना मुदतीपूर्वी निवृत्ती घ्यावी लागली, आणि विवरणपत्र भरण्याइतके उत्पन्न उरले नाही. माणसे कामापुरती भेटतात. काम संपले की रस्ता संपतो. मीही चौकशी केली नाही.

त्या सोमवारी आयकर कार्यालयाच्या खिडकीवर शेवटच्या तारखेची गर्दी होती. दुपारी आमचा क्रमांक लागला. शिक्का मारलेली पोचपावती मी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. पोचपावतीवर केवळ करदात्याचे नाव असते.

"यात ती नाई," ते म्हणाले.

मी रस्ता ओलांडला, माझ्याजवळच्या गोषवाऱ्याच्या प्रतीची झेरॉक्स काढून आणली आणि त्यांना दिली.