पिवळ्या मेणाचा क्रूस

आमच्या बेटावर कुणी समुद्रात गेला आणि देह सापडला नाही, की बार्बामावशीला बोलावणं जायचं. ती मेणाचा बोटभर क्रूस वळून द्यायची. मग मयताचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला त्याला हाती धरणारा, त्याच्या घरी येऊन म्हणायचा, "आज तुमच्याकडे क्रूस आहे." त्यानंतरच घरानं रडायचं. पांढऱ्या कापडावर ठेवलेला तो क्रूसच दुसऱ्या दिवशी देहाच्या जागी चर्चमध्ये जायचा. धर्मपिता येईपर्यंत मात्र माणूस जिवंत धरायचा.

मावशीचा नवरा असाच गेला. मागे एकुलता मुलगा गुल्वेन राहिला, तोही सेंट-मालोच्या बंदरात जाऊन कोर्सेरवर चढला. राजाचा परवाना घेऊन शत्रूची गलबतं लुटणारं खाजगी जहाज ते कोर्सेर, त्यावरचा माणूस कोर्सेर आणि घरबसल्या वाटा खाणारा मालकही कोर्सेरच. इंग्रज सगळ्यांनाच चाचे म्हणत, पण मालकाला कुणी कधी फासावर दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

गुल्वेनला नादी लावलं ते त्याच्या धर्मपित्यानं, पादेर्ननं. तरुणपणी तो हेच करून आला होता आणि लुटीच्या गोष्टी रंगवून सांगायचा.

इंग्रजांशी तह झाला, ते गुल्वेनच्या जहाजावर भर समुद्रात कुणाला कळलंच नाही. त्यांनी आणखी एक गलबत धरलं. परवाना तर तहाबरोबरच संपला होता. इंग्रजांनी सगळ्यांना फाशी दिली आणि देह समुद्रात लोटले.

बातमी आली तशी मावशीनं क्रूस वळला, टेबलावर कापड अंथरलं आणि पादेर्नची वाट पाहत बसली. तो काही आला नाही. शेवटी ती मला घेऊन त्याच्या दारात गेली.

"बार्बा, क्रूस समुद्रानं नेलेल्यांचा असतो," तो म्हणाला. "चाच्यांचा नाही."

"मग तू काय करत होतास रे? मासे धरत होतास?"

"माझ्याकडे राजाचा परवाना होता."

"तू दाढी पिकवायला घरी आलास म्हणून वीर, आणि माझं लेकरू लटकलं म्हणून चाचा होय? लाज वाटू दे मेल्या!"

त्यानं दार लावून घेतलं. भेकड मेला! मावशीनं घरी येऊन क्रूस पेटीत ठेवून दिला, पण ती रडली नाही. रडणार कशी? रीतीप्रमाणे पोरगा जिवंतच होता. दुसऱ्यांचे क्रूस मात्र ती वळत राहिली.

बऱ्याच वर्षांनी एका वादळात पादेर्नची होडी बुडाली. त्याची बायको आनिग मावशीच्या उंबऱ्याशी मान खाली घालून उभी राहिली. हिला हाकलूनच द्यावं, असं मला वाटलं.

"आत ये गं, चुलीपाशी बस," मावशी म्हणाली आणि पेटी उघडून तिनं क्रूस काढला.

आनिगच्या टेबलावर तो ठेवला तेव्हा मी पाहिलं, मेण जुनं होऊन पिवळं पडलं होतं.

"मावशी, अगं हा तर..."

"गप्प बस. नाव कुणाचंही घेऊ देत."

पादेर्नच्या म्हाताऱ्या धर्मपित्यानं दारात येऊन ते शब्द म्हटले, आणि मग ती रडली. टेबलाची कड धरून अशी रडली की आनिगच तिला सावरायला धावली. वैऱ्यासाठी केवढं मन हिचं, असं बायका कुजबुजल्या. मी त्या पिवळ्या क्रूसाकडेच पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी पादेर्नच्या नावानं घंटा वाजली. चर्चमधून परतताना मावशीनं माझा हात घट्ट धरला होता.

"चल," ती म्हणाली, "आलं माझं पोर घरी."