पानं वाढल्याची हाक

सरोजअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघाले होते. त्यांच्या सुनेने सांगितलं… सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकल्या, संपलं. मी फोन ठेवला आणि शाळेत गेले. रजा घेऊन रडत बसलेलं अक्कांना खपलं नसतं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. बंगळुरात बसवनगुडीतल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आम्ही मुली शिक्षिका व्हायला शिकत होतो आणि अक्का आम्हाला लहान मुलांचे खेळ आणि कवायत कशी घ्यायची ते शिकवायच्या. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गणिताचा पाठ आम्ही बेधडक घ्यायचो. तिथे पाठीशी फळा असतो, हातात खडू असतो. मैदानावर नुसत्या आपण आणि चहूकडे पळणारी पोरं. माझा तर आवाजच फुटत नसे. आमचं घर पिढ्यान्पिढ्या बंगळुरातलं, मराठी. मुलीचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला की आत्या डोळे वटारायची. शिवाय वडिलांनी बजावलं होतं, नापास झालीस तर शिक्षण पुरे, आनेकलचं स्थळ पक्कं करतो.

पहिल्याच सरावपाठात मी "अटेन्शन" म्हटलं, तर एक चिमुरडी जवळ येऊन कन्नडमध्ये विचारते, "मिस, घसा दुखतोय का?" अक्का पोट धरून हसल्या. मग मला बाजूला घेतलं.

"घरी धाकटी भावंडं आहेत ना? पानं वाढली की अंगणातून कशी बोलावतेस?"

"ओरडून. आत्या घरात नसली की."

"मग इथे ओरड की ग! इथे काय तुला दाखवायला आणलंय?"

"कुणी ऐकलं तर, अक्का…"

"ऐकावं म्हणूनच ओरडायचं!"

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहायच्या आणि मी हाका मारायच्या. "स्वल्प आणखी!" तिकडून अर्ध्या कन्नडमध्ये उत्तर यायचं.

परीक्षेच्या पाठाला बाहेरच्या परीक्षक बाई छत्री उघडून उभ्या होत्या. मुलांचं रिंगण जमतंय तोच कुंपणापलीकडून माकडवाल्याचं डमरू वाजलं आणि सगळी पोरं तिकडे पळाली. पाठ केलेल्या ऑर्डरी डोक्यातून साफ गेल्या. आनेकल तेवढं डोळ्यांपुढे आलं. तोंडातून निघालं ते असं, "चला रेऽऽ, पानं वाढली! ओळीत बसा!" मुलं कन्नड, तमिळ, उर्दू बोलणारी. पण सगळी माकड सोडून धावत आली आणि ओळीत बसली.

"ही कुठली ऑर्डर?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"इथली पद्धत आहे, मॅडम," अक्का म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मी पास झाले. आनेकलकरांनी दुसरी मुलगी पाहिली.

तेराव्याला अक्कांच्या घरी आम्ही जुन्या विद्यार्थिनी जमलो होतो. कुणी हेडमिस्ट्रेस, कुणाला नातवंडं. सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या. पानं वाढून झाली तरी घरची पोरं गल्लीत क्रिकेट खेळत होती. सून दारातून दोनदा हलकेच हाका मारून आत गेली. दाराशी अक्कांचे कॅनव्हासचे बूट अजून तसेच होते. मी ते ओलांडून फाटकापाशी गेले, पदर खोचला आणि हाक मारली.

बॅट टाकून पोरं आली. मागे वळून पाहिलं, तर आमच्या वर्गातल्या बायकाही भिंतीलगत ओळीत उभ्या… उंचीप्रमाणे, बुटकी कमला पहिली. समोरच्या घराची खिडकी उघडली.

कुणी ऐकलं तर ऐकलं.